वरच्या खुणेच्याही वर

वारं फिरलं आणि कोल्हापुरात बावड्याकडून मळीचा वास आला, म्हणजे साखर कारखाना सुरू झाला. दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाशी जाऊन मऊ पडलेला असतो. सकाळी शाळेला निघताना अंगावर शाल घ्यावी की नको, हे ठरत नाही. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. एका ट्रॅक्टरमागे दोन, त्यात मावेल त्याच्या दीडपट ऊस, आणि गाणं इतकं मोठं लावलेलं की आमच्या फडताळातली भांडी थरथरावीत. या दिवसांत बाकीच्या घरांना नव्या गुळाचे वेध लागतात. आमच्याकडे गाडीचं तेल बदलायचं निघतं.

ही चाल मामंजींनी पाडली. मामंजी म्हणजे माझे सासरे, गुरांचे डॉक्टर. त्यांची सगळी नोकरी शिरोळकडच्या गावांत झाली. हंगामात ऊस ओढणाऱ्या बैलांचे खांदे सुजायचे, खुरांना जखमा व्हायच्या, आणि मामंजींची गाडी दिवस उजाडल्यापासून या फडावरून त्या फडावर पळायची. ऐन वेळी गाडीने मान टाकली तर बैल तसाच कळवळत उभा राहणार. म्हणून बैलांना हात लावण्याआधी गाडीला हात लावायचा, असा त्यांचा नेम. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं होत आली, नेम आहे तसा आहे. फरक इतकाच, की आता तेल आणायला मी जाते.

परवा शाळा सुटल्यावर तशीच उद्यमनगरात गेले. दुकानदार नवीन होता.

"कंची गाडी म्हणायची, ताई?"

मी सांगितलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि एकदा माझ्या खांद्यावरच्या, तपासायच्या वह्यांच्या पिशवीकडे.

"अजून चालतीया व्हय?"

"चालतेय की."

मग त्याने मागच्या फळीवरून एक सोनेरी डबा मोठ्या मानाने खाली उतरवला. "हे घाला. फुल सिंथेटिक. पाण्यागत पातळ. मोठमोठ्या गाड्यास्नी हेच जातंय. एकदा घातलं की गाडी नवी हुतीया बघा."

काही वर्षांपूर्वी मी भुलले असते. जिवाभावाच्या वस्तूसाठी दुकानातलं सगळ्यात भारी तेच न्यावं, ही आपली खोडच आहे. पण आता मी शिकून सवरून शहाणी झालेली. "ते नको. मिनरल द्या, वीस-पन्नास," म्हटलं.

त्याचा चेहरा जरा उतरला, पण आवाजात अदब आली. "घरात कोण मिस्त्री हाय काय?"

"गुरांचे डॉक्टर आहेत," मी म्हटलं, आणि त्याला त्या कोड्यात तसंच सोडून आले.

मी वर्गात मुलींना श्यानता, म्हणजे द्रवाचा दाटपणा, शिकवते. व्याख्या, एकक, उदाहरण, सगळं तोंडपाठ. पण श्यानता मला खरी कळली ती एका गुऱ्हाळावर, मामंजींच्या शेजारी उभं राहून. कढईतली उकळती काकवी त्यांनी पळीने वर धरली, ती सरसर खाली आली. मग शेजारच्या डब्यातली, कालची गार काकवी धरली, ती पळी सोडायला तयार होईना. "तेलाचं बी ह्येच हाय, पोरी," ते म्हणाले. "डब्यावरचा पैला आकडा थंडीतला, दुसरा तापल्यावरचा. आपली म्हातारी हाय. तिला तापल्यावर बी जरा दाटच पायजे."

त्यामागचं कारण त्यांनी पुढे सांगितलं, आणि ते अगदी साधं आहे. जुन्या इंजिनात लोखंड लोखंडावर घासून घासून फटी रुंदावलेल्या असतात. पातळ तेल त्या फटींत ठरत नाही. रबरी सीलं आक्रसलेली असतात, तिथून ते पाझरतं. शिवाय नव्या तेलात साफसफाईचा हुरूप फार. वर्षानुवर्षं आत बसलेला काळा थर ते एकदम सोडवतं आणि तोच गाळ तेलाच्या वाटेत अडकतो. म्हाताऱ्या माणसाला एका दिवसात सुधारायला जाऊ नये, तशातलाच प्रकार.

रेडिएटरला हिरवं कूलंट असेल तर हिरवंच, त्यात लाल मिसळायचं नाही. आणि विहिरीचं पाणी तर नाहीच नाही. शिरोळकडच्या खाऱ्या पाण्याने पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर धरतो, तोच आत धरतो. गिअरला नव्वद नंबरचं तेल, पण विचारून घ्यायचं. काही नव्या तेलांतली औषधं जुन्या गिअरबॉक्समधलं पितळ खातात. ब्रेक ऑइलचा डबा फोडला की उरलेलं पुढच्या हंगामाला ठेवायचं नाही, ते हवेतला ओलावा ओढतं. मामंजी हे सांगत तेव्हा मला हसू यायचं. इतक्या मायेने ते कधी माझ्या नवऱ्याबद्दल, म्हणजे विलासबद्दल, बोललेले मला आठवत नाहीत.

माझ्या सासूबाईंना, आत्तींना, ही माया ठाऊक होती आणि म्हणूनच त्या गाडीला दारात उभं करत तेवढंच. गाडीला त्या कधी गाडी म्हणाल्या नाहीत. "ती." "ती घिऊन गेल्यात." "तिच्याखाली उताणं पडल्यात." भरल्या ताटावरून मामंजींना उठवून नेणारी ती. गुरांच्या औषधांचा वास घरात आणणारी ती. कुठे जायचंच झालं तर आत्ती मागच्या सीटच्या टोकावर, मांडीवर पिशवी धरून, एस.टी.त बसावं तशा बसत. पुढच्या सीटवर औषधांची पेटी असे. पेटी गेली तरी आत्ती काही पुढे आल्या नाहीत. चाळीस वर्षांत त्यांनी गाडीला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता.

तीन वर्षांपूर्वीचा हंगाम मात्र वेगळा निघाला. दसरा झाला आणि मामंजी घसरले. जन्मभर शेणामुतात, चिखलात, लाथा मारणाऱ्या म्हशींच्या मागे उभा राहिलेला माणूस घसरला कुठे, तर आमच्या घरच्या, टाइल्स बसवलेल्या न्हाणीघरात. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन महिने झोपून राहायला सांगितलं. त्यांची कॉट आम्ही पुढच्या खोलीत, खिडकीला लावून टाकली. खिडकीच्या बाहेर हाताच्या अंतरावर पत्र्याच्या छपरीखाली गाडी.

पहिले आठ दिवस त्यांचा एकच घोशा. अंगात ताप असो नसो, कुणी समोर असो नसो. "तिचं तेल बघा रं. कमी पडू दिऊ नगासा." विलास "हो बाबा" म्हणायचा आणि ऑफिसला जायचा. त्याने स्वतःच्या नव्या गाडीचं बॉनेटसुद्धा कधी उघडलेलं नाही, ते सर्व्हिस सेंटरवाले उघडतात. माझी शाळा सकाळची, मी साडेसहाला बाहेर. आणि उभ्या गाडीचं तेल कमी कशाला होतंय, असं मलाही वाटायचं. त्या वर्षी हंगामाचं तेलही बदललं नाही. तेलाचा पाच लिटरचा डबा आणलेला होता, तो तसाच कोठीच्या खोलीत राहिला.

मग एक दिवस मामंजी तेलाचं बोलायचे थांबले. अगदी थांबलेच. मी दुपारी घरी यायचे तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटून पडलेले असत. मुद्दाम विषय काढला, "मामंजी, तेल बघायला सांगू का विलासला?" तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." या वयात पडलेली माणसं हळूहळू एकेका गोष्टीतून मन काढून घेतात, असं मी ऐकलेलं. गाडीतूनच मन काढलं तर या माणसाचं उरलं काय? मी शाळेतल्या मैत्रिणीजवळ रडले होते त्या दिवशी.

पण मामंजी उठले. मार्गशीर्षात वॉकर धरून चार पावलं टाकू लागले, आणि दत्तजयंतीची गर्दी ओसरल्यावर म्हणाले, "वाडीच्या दत्ताला जाऊन येऊया. माझ्या गाडीतनं." विलास म्हणाला, माझी गाडी आहे की, एसी आहे, पाय लांब करता येतील. मामंजींनी नुसती मान हलवली.

रविवारी सकाळी विलासने नवी बॅटरी घालून किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा सुरू झाली. त्यासरशी मागून निळापांढरा धूर असा सुटला की समोरचं घर दिसेना. शेजारच्या काकू काय पेटलं म्हणून बादली घेऊन धावत आल्या. गाडी थरथरली आणि बंद पडली. बघितलं तर खाली फरशीवर काळ्या तेलाचं थारोळं.

"संपलं," विलास म्हणाला. रागाने नव्हे, दमून म्हणाला. "बाबा, आता बास. मंगळवारी भंगारवाल्याला बोलावतो." मामंजी खिडकीत उभे होते. ते गाडीकडे बघत नव्हते, घराच्या दाराकडे बघत होते. दारात आत्ती उभ्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून आत वळल्या.

मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले. आत्ती परातीसमोर बसल्या होत्या. पीठ घेतलेलं, पाणी घातलेलं नाही.

"सुमन, मी मारली गं तिला."

"कुणाला?"

"तिला की." त्यांनी कोपराने बाहेर दाखवलं. "रोज वततोय बघ मी. तू शाळंला गेलीस, इलास गेला, की मग. आमटीची वाटी भरून."

"काय ओतताय?"

"त्याल. कोठीतल्या डब्यातलं. त्ये म्हणत हुते न्हवं, कमी पडू दिऊ नगासा? मग मी कमी पडू दिलं न्हाय."

मला आधी हसू फुटलं. मग त्यांचा चेहरा दिसला आणि हसू जिथल्या तिथे राहिलं. त्या दोन महिन्यांत नवऱ्याच्या दुखण्यावर आत्तींना काहीच करता आलं नव्हतं. औषधं नर्स द्यायची, व्यायाम फिजिओवाली करून घ्यायची, पथ्य डॉक्टर ठरवायचे. नवऱ्याने तोंडाने मागितलेली एकच गोष्ट त्यांच्या हातात होती, आणि ती त्यांनी त्यांना येत होती तशी केली. आमच्याकडे पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला तर त्याच्या बोटांच्या फटीतून रस्सा वाढतात. 'पुरे' हा शब्द इथे कुणी खरा मानत नाही. तेल मोजायच्या सळईवर दोन खुणा असतात आणि तेल त्या दोघींच्या मध्येच असावं लागतं, हे आत्तींना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांना तो कंजूषपणा वाटला असता.

"त्यास्नी सांगू नगंस," त्यांनी माझा हात धरला, सगळं पीठ माझ्या मनगटाला लागलं. "त्यांचा जीव हाय तिच्यात. मी घालीवली म्हणून कळलं तर..."

सोमवारी मी रजा टाकली, गाडी ओढून आप्पा मिस्त्रींच्या गॅरेजात नेली. मामंजींच्या गाडीवर तीस वर्षं हात असलेला माणूस. त्यांनी खालचा नट सोडला. तेल यायला लागलं आणि येतच राहिलं. पहिलं घमेलं भरलं, दुसरं लावलं.

"वैनी, कुणी पाजलं एवढं? म्हशीला बी कोण एवढं पाजत न्हाय."

"मीच," मी म्हटलं. खोटं बोलायला मला अजिबात जड गेलं नाही.

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की विज्ञान शिकवणाऱ्या बाईंची सगळी पदवी तिथे विरघळली. मग शांतपणे समजावलं. तेल जास्त झालं की आतला फिरता दांडा ते घुसळतो आणि त्याचा फेस होतो. फेसाने वंगण होत नाही. आत दाब वाढतो, तो तेलाला सीलांमधून बाहेर रेटतो, उरलेलं जळून धूर होतो. "कमी घालून गाड्या मरत्यात तशा जास्त घालून बी मरत्यात. बरं झालं, लगीच बंद पडली. तशीच चालवत बसला असता, तर गेलतं इंजिन."

त्यांनी मागचं सील बदललं, प्लग धुतले, नवं वीस-पन्नास घालून दोन खुणांच्या मध्ये आणून ठेवलं. मंगळवारी दुपारी मी गाडी चालवत घरी आले तेव्हा भंगारवाला फाटकाशी उभा होता आणि विलास त्याच्याशी बोलत होता. मी इंजिन बंद केलं नाही. मामंजी खिडकीत आले. कान देऊन बराच वेळ ऐकलं, एखाद्या जनावराच्या बरगडीला नळी लावून ऐकत असत तसं. मग तिथूनच ओरडले, "पावणं, आत या, चा घ्या, आन मग जावा निवांत!" भंगारवाला चहा पिऊन गेला. विलास मला हळूच म्हणाला, "जाऊ दे, राहू दे आता."

वाडीला आम्ही तिघंच गेलो. मी चालवत होते, मामंजी शेजारी, आत्ती मागे. वाटेत दोन्ही बाजूंना तोडलेले फड, पाचटाचा धूर, बैलगाड्यांची रांग. धूर दिसला की आत्ती दचकून मागच्या काचेतून आपल्या गाडीचा तर नाही ना, हे बघायच्या. बाकी वेळ त्या मनाशी काहीतरी ठरवत होत्या, एवढं आरशात दिसत होतं.

घाटाच्या पायऱ्या उतरणं मामंजींना शक्य नव्हतं. त्यांनी गाडीतूनच हात जोडले. आत्ती एकट्याच खाली दर्शनाला गेल्या. त्या दिसेनाशा झाल्यावर मामंजी म्हणाले, "बॉनेट काढ जरा." वॉकर धरून ते पुढे आले. सळई ओढली, रुमालाने पुसली, पुन्हा घालून काढली, उजेडात धरली.

"मधी हाय. आप्पानं बराबर केलंय." मग सळईकडेच बघत, "किती निघालं?"

"काय?"

"जादाचं त्याल."

"मामंजी, ते माझ्याच हातून..."

"तू साडेसहाला जातीस," ते म्हणाले. "बॉनेट आठला वाजायचं."

ते पुसून झालेली सळई पुन्हा पुसत राहिले. "आधी बॉनेट करकरायचं. मग डबा. मग वाटी. झाकताना बांगड्या. मी काय बहिरा हाय व्हय?"

"मग तुम्हाला कळत होतं, जास्त होतंय ते?"

"न कळायला काय? चार दिसात वरची खूण गेली आसणार."

"मग थांबवलं का नाही? सांगायचं ना मला तरी. इंजिन गेलं असतं!"

"गेलं आसतं," ते म्हणाले. "चाळीस वर्सं झाली गाडीला. कधी जवळ गेलती का तुझी आत्ती? आन आता रोज जायला लागली. वतताना बोलायची तिच्यासंगं, माझ्या खिडकीच्या भाईर उभी ऱ्हाऊन. 'त्यास्नी तेवढं चालतं कर, मग तुला काय पायजे त्ये घालतो.' रोज. सणवार न्हाय, थंडी न्हाय, काय न्हाय. मी डोळं झाकून ऐकायचो." त्यांनी सळई जागेवर घातली. "कसं थांबीव म्हणू, सांग की."

मग म्हणाले, "तिला बोलू नगंस. लाजंल."

म्हणजे दोघांनीही मला गप्प राहायला सांगितलं, आणि दोघांचं गुपित एकच. तेवढ्यात आत्ती पायऱ्या चढून आल्या. अंगारा आधी मामंजींच्या कपाळाला लावला, मग माझ्या. मग क्षणभर थांबून उरलेला, कुणी बघत नाहीसं पाहून, बॉनेटला.

परतताना शिरोळ मागे पडलं आणि मागून आवाज आला. "एक सांगायचं हाय." मी आरशात बघितलं. आत्तींनी पिशवी घट्ट धरली होती. "देवाला सांगून आलोय. आता तुमास्नी सांगतो. ती बिघडली न्हवती. मी बिघडवली. मी रोज त्याल वतलं तिच्यात. वाटीनं."

मला वाटलं, मामंजी आता सांगतील, की मला ठाऊक होतं. एवढं वाक्य पुरलं असतं. पण पन्नास वर्षांचा संसार केलेल्या माणसाला ते बरोबर कळलं, जे मला कळलं नव्हतं. आत्तींना माफी नको होती. त्यांना रागवून घ्यायचं होतं.

"काय?" मामंजी एवढ्या मोठ्याने ओरडले की माझा पाय ब्रेकवर गेला. "वाटीनं? रोज? आगं बया! इंजिन हाय का लगनाची पंगत हाय ती?"

"चुकलं," आत्ती म्हणाल्या.

"चुकलं म्हणं! चाळीस वर्सं जपली मी तिला. थेंब जास्त न्हाय, थेंब कमी न्हाय. कुणाला इचारायचं तरी!"

"कुणाला इचारणार? तुमी पडून हुता."

मामंजी तिथे अडखळले. मग पुन्हा आवाज चढवला आणि जयसिंगपूर ओलांडेपर्यंत उतरू दिला नाही. सील काय असतं, फेस कसा होतो, वरची खूण कशाला ठेवलेली असते, बायकांचे हात, कोल्हापूरकरांचं वाढणं, सगळं काढलं. आत्ती प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होत्या, आणि प्रत्येक "व्हय"बरोबर त्यांचा आवाज मोकळा होत चालला होता. आरशात बघितलं तर त्या चक्क सीटला टेकून बसल्या होत्या. शेजारी मामंजी समोरच्या काचेकडे तोंड करून ओरडत होते, आणि त्यांच्या दोन्ही गालांवरून पाणी ओघळत होतं. मागच्या सीटवरून ते दिसत नव्हतं.